ईस्टरपासून तुटलेला बाप्तिस्मा

पाचोऱ्यात कुणालाही ख्रिस्ती लोकांचा सण विचारा, उत्तर नाताळ असेच येईल. गुड फ्रायडे ठाऊक असतो तो बँकेच्या सुट्टीमुळे. ईस्टर रविवारीच येतो, त्याची वेगळी सुट्टी पडत नाही, आणि कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरांत त्याचे नाव राहून जाते. बाप्तिस्मा हा शब्द मात्र गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि बहुतेकांच्या लेखी त्याचा अर्थ एकच: धर्म बदलणे. टपरीवर, कचेरीत, वर्तमानपत्रात आणि कोर्टात तो याच अर्थाने वावरतो. माझे म्हणणे असे की ख्रिस्ती श्रद्धेत बाप्तिस्म्याला स्वतःचा असा वेगळा अर्थच नाही. त्याला अर्थ येतो तो ईस्टरमुळे. या दोहोंची फारकत फार पूर्वी झाली, आणि महाराष्ट्रात गेली दोनशे वर्षे बाप्तिस्म्यावरून जे वाद झाले, मंडळीच्या आत आणि बाहेर, त्यांतले बरेचसे या फारकतीतून निघाले.

आधी सणाचे. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते, कारण ती चंद्रावर ठरते: वसंतसंपातानंतरची पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येतो. सर्व मंडळ्यांनी तो एकाच रविवारी पाळावा असे इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेने ठरवले, तरी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुने पंचांग धरून असल्याने त्यांचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळा पडतो. पंचांगाची सवय असलेल्या आपल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. ती पौर्णिमा बहुधा चैत्री असते. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि ईस्टर ९ एप्रिलला होता. २०२६ मध्ये हीच जोडी २ आणि ५ एप्रिलला आली. कधी तो अलीकडे सरकून होळीला लागून येतो, जसा २०२४ मध्ये आला.

खानदेशात हे दिवस उन्हाचे. गहू-हरभरा निघालेला, रान उघडे पडलेले. शुक्रवारी दुपारी बारा ते तीन, ऐन उन्हाच्या वेळी, उपासना असते. वधस्तंभावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर एकेक करून सात जण बोलतात, मधे ‘उपासना संगीता’तली गीते होतात, आणि पत्र्याखाली पंखे गरम वाराच फिरवत राहतात. बायका पांढऱ्या साड्यांत येतात, बरेच जण उपाशी असतात. रविवारी पहाटे मात्र अनेक मराठी मंडळ्या चर्चमध्ये न जमता दफनभूमीत जमतात. आदल्या दिवशी तिथले गवत काढलेले असते, थडग्यांना चुना दिलेला असतो. मेणबत्ती वाऱ्याने विझू नये म्हणून कुणी दोन विटांचा आडोसा लावतो, कुणी आईच्या नावाच्या दगडावर शेवंती ठेवतो. उजाडायच्या सुमाराला पाळक ख्रिस्त उठल्याची घोषणा करतात आणि मंडळी एका सुरात तो खरोखर उठल्याची ग्वाही देते. पुढे बहुधा दोन-तीन आठवड्यांतच खानदेशात आखाजी येते, घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. त्यामुळे मेलेल्या माणसांपाशी जाऊन सण करणे ही गोष्ट शेजाऱ्यांना परकी वाटत नाही. फरक आहे तो तिथे काय म्हटले जाते यात.

‘म्हणजे पुनर्जन्मच ना?’ असे विचारणारे शेजारी भले असतात, आणि त्यांना घाईने ‘हो’ म्हणणारे ख्रिस्तीही मी पाहिले आहेत. पण ते खरे नाही. पुनर्जन्मात देह नवा, ओळख नवी, मागचे विसरलेले. मोक्षात देहाचे ओझे कायमचे सुटते. आपल्या भागात मृत्यूला ओलांडण्याच्या कथा कमी नाहीत. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवांनी योगबळाने काळाला चौदाशे वर्षे चुकवले अशी आख्यायिका आहे. तिथून जवळच मेहूणला १२९७ मध्ये वीज कडाडली आणि मुक्ताई त्या लखलखाटात दिसेनाशी झाली, असे वारकरी परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांनी आळंदीला जिवंतपणी समाधी घेतली. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले. येशूची कथा यांतल्या कुणाच्याही वाटेने जात नाही. त्याने मरण चुकवले नाही. तो ज्योतीत विरला नाही. रोमी सरकारने त्याला गुन्हेगाराच्या मरणाने मारले, मित्रांनी पुरले, दगड लावला. आणि तिसऱ्या दिवशी जो भेटला त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. थोमाने तेच मागितले आणि तेच त्याला दाखवण्यात आले. जखमा पुसून आलेला देह नव्हे, जखमांसकट जिंकलेला देह. माझ्या मते ईस्टरचा सगळा जीव या एका तपशिलात आहे.

महाराष्ट्रात या कथेच्या सर्वांत जवळ बाहेरून कुणी पोचले असेल तर ते जोतीराव फुले. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही, पण ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी येशूला बळीराजाच्या पंगतीला बसवले. पाताळात दाबलेला, तरी ज्याचे राज्य पुन्हा यावे म्हणून आया दर दिवाळीला ओवाळतात, असा बळी. अन्यायाने गाडला गेलेला न्यायी माणूस, आणि त्याच्या परत येण्यावर कष्टकऱ्यांनी टाकलेला भरवसा: ईस्टरचा निम्मा अर्थ फुल्यांच्या हाती बरोबर लागला होता. उरलेला निम्मा असा की ते परत येणे पुढे व्हायचे नसून एकदा होऊन गेले आहे, अशी ख्रिस्ती मंडळीची साक्ष आहे.

ती साक्ष किती जुनी? साक्षीदार नोंदवणारा आपल्या हातातला सर्वांत जुना लेखी पुरावा प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा, सुमारे इ. स. ५४-५५ चा, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांच्या आतला. त्यात तो साक्षीदारांची यादीच देतो आणि ती आपल्याला आधीच्यांकडून मिळाल्याचे सांगतो. चार शुभवर्तमाने त्यानंतरची, आणि तपशिलांत ती एकमेकांशी जुळत नाहीत. कबरेकडे किती स्त्रिया गेल्या, देवदूत एक की दोन, पहिली भेट कुठे, यावर एकमत नाही. मार्काचे शुभवर्तमान तर सर्वांत जुन्या दोन हस्तलिखितांत स्त्रिया घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, एवढ्यावरच थांबते. विसंगतीवर बोट ठेवून सगळी कथा रचलेली ठरवणारे अभ्यासक अठराव्या शतकापासून आहेत, आणि त्यांचे प्रश्न टाळणे मंडळीच्या हिताचे नाही. पण चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: पहिली बातमी बायकांना कळली. त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. कथा रचायला बसलेला माणूस साक्षीला मग्दालाची मरिया उभी करता ना.

देह कसा उठेल या प्रश्नाला पौल शेतकऱ्याचे उत्तर देतो. पेरतो ते दाणा, उगवते ते रोप. दाणा मेल्याशिवाय रोप नाही, आणि रोप दाण्यासारखे दिसत नाही, तरी ते त्याच दाण्याचे असते. ज्वारी-कपाशीच्या मुलखात याला भाष्याची गरज नाही.

आता बाप्तिस्मा. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल जे म्हणतो त्याचा सारांश असा: ख्रिस्ताचा बाप्तिस्मा घेतला तो त्याच्या मरणाचा घेतला, पाण्यात गेलो ते त्याच्याबरोबर पुरले गेलो, आणि तो उठला तसे नव्या जीवनात चालण्यासाठी बाहेर आलो. यात धुणे आहे, पण मुख्य गोष्ट पुरणे आहे. योहान यार्देनेत देत होता तो पश्चात्तापाचा बाप्तिस्मा. मंडळीने तेच पाणी घेतले आणि त्याला कबर केले.

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी हे किती अक्षरशः घेतले याचे पुरावे मिळतात. ‘दिदाखे’ नावाची छोटी ग्रीक पुस्तिका, जिचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडले, तिच्यात सूचना आहे: वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट, आणि तेवढेही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. किती पाणी लागते यावर पुढे मंडळ्या फुटल्या. पहिल्या पिढ्यांना त्याची एवढी चिंता दिसत नाही. इ. स. २०० च्या सुमाराला आफ्रिकेतला तर्तुल्यन सांगतो की बाप्तिस्म्याला सर्वांत योग्य दिवस ईस्टरचा. उमेदवार दीर्घकाळ शिकत, शेवटचे आठवडे उपास करत, रात्रभर जागत, आणि पहाटे पाण्यात उतरत. सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस इथे इ. स. २४० च्या सुमाराचे एक घर सापडले आहे. त्याच्या एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद आहे आणि भिंतीवर मशाली घेतलेल्या स्त्रियांची रांग रंगवलेली आहे. पुष्कळ अभ्यासक त्यांना कबरेकडे निघालेल्या स्त्रिया मानतात. काही जण त्यांना दाखल्यातल्या कुमारिका समजतात. पहिला अर्थ खरा असेल, तर पाण्यात उतरणाऱ्या माणसाला समोर ईस्टरची पहाट दिसत होती.

मग ही जोडी तुटली कशी? दोष एकट्या कुणाचा नाही. सगळे राज्यच ख्रिस्ती झाले तेव्हा बाहेरून येणारे प्रौढ कमी झाले आणि घरात जन्मलेली बाळे राहिली. बाळे फार दगावत. ईस्टरपर्यंत थांबायला आईबापांचे मन धजेना. जन्मानंतर आठवड्याभरात बाप्तिस्मा ही रीत पडली आणि तो बारशासारखा झाला. याविरुद्ध २१ जानेवारी १५२५ ला झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना प्रौढपणी नव्याने बाप्तिस्मा दिला. त्यांतल्या फेलिक्स मांझला तिथल्या प्रोटेस्टंट नगरसभेनेच दोन वर्षांत नदीत बुडवून मारले. पाण्याच्या गुन्ह्याला पाण्याचीच शिक्षा. कॅथलिक मंडळीने आपल्या बाजूने ही दुरुस्ती बऱ्याच उशिरा केली: बाराव्या पायसने १९५१ मध्ये ईस्टरच्या जागरणाची उपासना सकाळवरून पुन्हा रात्री आणली, आणि १९७२ मध्ये प्रौढांना टप्प्याटप्प्याने शिकवून ईस्टरच्या रात्री स्नानसंस्कार देण्याची जुनी रीत रोमने परत सुरू केली. वसईपासून नाशिकपर्यंतच्या कॅथलिक देवळांत आज त्या रात्री सगळी मंडळी हातात मेणबत्ती धरून बाप्तिस्म्याची वचने नव्याने घेते. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी हे त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही असे मला मनापासून वाटते.

मराठी मुलखात बाप्तिस्मा आला तो ईस्टरचा हात सुटल्यानंतर. गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या छायेखाली घाऊक बाप्तिस्मे झाले. त्याची जखम ख्रिस्ती माणसानेही मान्य केली पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले, ते जुनी पुराणे सुटलेल्या या नवख्रिस्ती लोकांना वाचायला काही हवे म्हणून. पाणी आधी पडले, कथा मागून आली. ग्रंथ थोरच आहे, पण हा क्रम उलटा होता.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्याला कोर्टाने बापाच्या ताब्यात दिले. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो मिशनऱ्यांबरोबर जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर त्यांच्यावरच बहिष्काराची वेळ आली. ब्रह्मवृंदाला पाण्याशी कर्तव्य नव्हते, पंगतीशी होते.

आणि इथे एक गोष्ट घडत होती, जी कुठल्याच बाजूने नीट पाहिली नाही. धर्मशास्त्रात पतिताचा घटस्फोट सांगितला आहे: जिवंत माणसाच्या नावाने नातलगांनी मेल्यासारखे पाणी सोडायचे, दासीने भरलेले मडके लाथेने उलथायचे, आणि तेव्हापासून तो घरच्यांना मेला. बाप्तिस्मा घेणाऱ्याला घरचे मेला म्हणून धरत, तेव्हा त्या दुःखात, नकळत, पौलाचेच वाक्य खरे होत होते. तो माणूस खरोखर मेला होता: नाव, वाटणी, सोयरीक, पाणवठा सगळ्याला. १८५० च्या कायद्याने वाटणीचा हक्क तेवढा परत मिळाला. उरलेल्याचे काय? मेल्यावर उठायचे कुठे, कुणात? उत्तर ‘मंडळीत’ असे होते. मंडळी त्या तोलाची होती का, हा खरा प्रश्न होता, आणि तो आजही आहे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यानंतरची वर्षे कशी काढली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. त्या नवऱ्यामागे मुकाट्याने गेल्या नाहीत. आधी सोवळे सुटले, माणसांनी केलेले भेद खोटे आहेत हे स्वतःच्या मनाशी पटले, कुणाच्याही हातचे पाणी चालू लागले, आणि मग काही वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यात जुने आधी मेले. पाण्याने त्यावर शिक्का मारला. पंडिता रमाबाईंचे उलट झाले. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ख्रिस्ती सिद्धांतांतल्या कितीतरी गोष्टी त्यांना मान्य नव्हत्या आणि त्या तसे उघड म्हणत होत्या. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला, ख्रिस्त त्यानंतर कित्येक वर्षांनी. या दोघींच्या चरित्रांतून बाप्तिस्म्याविषयी जेवढे शिकता येते तेवढे कित्येक प्रवचनांतून येत नाही.

खानदेशात मिशन आले ते रेल्वेच्या बाजूने. कॅनेडियन ए. बी. सिम्प्सन यांच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची ठाणी भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव अशी लोहमार्गावरच पडली. भुसावळला रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबांची वस्ती होतीच. पश्चिमेला नंदुरबार-नवापूरकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन मिशनरी भिल्ल आणि मावची लोकांत गेले. आज खानदेशात ख्रिस्ती गावे म्हणता येतील अशी वस्ती आहे ती तिकडेच. पाचोऱ्याकडे मूठभर घरे. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ चा.

अलायन्सवाले बुडवून बाप्तिस्मा देणारे. त्यांच्या रीतीत माणूस स्वतःच्या तोंडाने साक्ष देतो, मग कमरेएवढ्या पाण्यात उतरतो. पाळक एक हात पाठीला लावतो, दुसऱ्याने छातीशी जोडलेले हात धरतो, मागे निजवून डोक्यावरून पाणी जाईपर्यंत खाली नेतो आणि उठवतो. काठावरच्या बायका चादर घेऊन उभ्या असतात. ज्याने हे एकदा जवळून पाहिले त्याला रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. पण पाचोऱ्याची हिवरा एप्रिलात कोरडी असते. गिरणेचे आवर्तन सुटले तरच पाटाला पाणी. म्हणून मग कुणाच्या शेतातली विहीर, शेततळे, किंवा आवारात बांधलेला सिमेंटचा हौद. सोयीचे महिने पावसाळ्यानंतरचे, आणि अशा रीतीने, कुणाच्या मनात नसताना, हवामानानेही बाप्तिस्म्याला ईस्टरपासून दूर ढकलले.

बाळांना की प्रौढांना, शिंपडून की बुडवून, हा वाद भारतात एका वेगळ्या समंजसपणाने हाताळला गेला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, प्रौढांनाच देणारे बॅप्टिस्ट होते, आणि डहाणूकडे काम केलेले, तीनदा पुढे वाकवून बुडवणारे ब्रदरेनही होते. दोन्ही रीती एकाच मंडळीत चालतील असे ठरले. जागतिक पातळीवर याविषयीचा लिमा दस्तऐवज आला तो १९८२ मध्ये. आपल्याकडच्या या पुढाकाराचे मोल आपल्याच लोकांना कमी वाटते. दुर्दैवाने अलीकडे गावोगाव निघालेल्या स्वतंत्र संगती लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांना पुन्हा पाण्यात उतरवतात, आणि त्यावरून घरे दुभंगतात. ख्रिस्त एकदाच मेला आणि एकदाच उठला; बाप्तिस्मा त्याचा असेल तर तो दोनदा कसा?

सर्वांत अवघड प्रश्न मात्र पाण्याचा नाही, जातीचा आहे. पौलाच्याच गलतीकरांस पत्रात बाप्तिस्मा घेतलेल्यांत यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरत नाही असे आहे. भारत सरकारने हे वचन जणू अक्षरशः घेतले: १९५० च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेला माणूस अनुसूचित जातीत राहत नाही. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये सवलत मिळाली, ख्रिस्ती आणि मुसलमानांना नाही. या प्रश्नावर २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. २६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका स्त्रीचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला, तेव्हा तिच्या लहानपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यात धरली गेली. जमातींना हा नियम नाही. त्यामुळे खानदेशातच असे होते की नवापूरचा मावची ख्रिस्ती बाप्तिस्म्यानंतरही अनुसूचित जमातीत राहतो, आणि पूर्वाश्रमीचा महार किंवा मांग ख्रिस्ती त्याच बाप्तिस्म्याने सवलत गमावतो. गाव मात्र त्याची जात विसरत नाही. मंडळीही कित्येकदा विसरत नाही, सोयरीक जुळवताना तर नाहीच. राज्याने बाप्तिस्म्याला जातीचा मृत्यू मानले आणि समाजाने मानले नाही. या दोहोंच्या मधे माणूस चिरडला जातो. हा अन्याय आहे असे मला वाटते. पण सरकारकडे बोट दाखवताना मंडळीने स्वतःला विचारले पाहिजे की ज्या मरणाची आपण घोषणा करतो ते आपल्या घरात किती झाले.

कायद्याची दुसरी बाजू सीमेवर दिसते. नवापूरचे रेल्वे स्टेशन निम्मे महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत आहे. गुजरातच्या २००३ च्या कायद्यानुसार धर्मांतराचा विधी करणाऱ्याला आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटले होते. फसवणूक आणि जबरदस्ती रोखलीच पाहिजे. पण मरून उठण्याच्या विधीची परवानगी दप्तरातून मागायची, हे पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही न समजण्यासारखे नव्हते. त्यांना तर मशालींच्या उजेडात, बंद दाराआड पाण्यात उतरावे लागे.

अशा कोंडीतून टिळकांनी एक वाट काढून पाहिली होती. १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकतील असे ठेवले. त्यांना बाप्तिस्मा नको नव्हता. तो मिशन कंपाउंडात शिरण्याचा दाखला झाला होता, ते त्यांना सहन होत नव्हते. ९ मे १९१९ ला ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. आज ख्रिस्तावर श्रद्धा ठेवून बाप्तिस्म्याच्या अलीकडे थांबलेली माणसे खानदेशातही आहेत. कुणी जातीच्या दाखल्यामुळे, कुणी सासरच्या धाकाने, कुणी आईला दुखवायचे नाही म्हणून. त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण बाप्तिस्मा नसला तरी चालेल असे म्हणून त्यांची सोय लावणाऱ्यांशीही नाही. ज्या गोष्टीची त्यांना आस आहे ती कमी करून देणे ही दया नव्हे. दरबारासारखी जागा त्यांच्यासाठी हवी, जिथे ते पंगतीत बसतील, गातील, शुक्रवारी रडतील, पहाटे दफनभूमीत उभे राहतील, आणि पाण्यापर्यंत आपल्या पावलांनी येतील.

टिळकांनी आणखी एक केले. आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती, आणि ख्रिस्ती रीत पुरण्याची असूनही ती पाळली गेली. देह राखेत मिळाला तर उठेल कसा, ही शंका तेव्हा अनेकांना होती. कॅथलिक मंडळीने दहनाला मुभा दिली ती १९६३ मध्ये. शहरांत दफनभूमीला जागा उरलेली नाही, त्यामुळे हा प्रश्न आता तालुक्याच्या गावांनाही विचारावा लागतो. पौलाच्या दाण्याचा अर्थ ज्याला कळला त्याला यात अडचण नसावी, कारण उठवणारा देव मातीचा हिशेब मागत नाही.

खानदेशातल्या पाळकांना माझी एक साधी विनंती आहे. हौद आता बांधलेले आहेत. टँकरने भरता येतात. आधीच्या नाताळपासून शिकवणी सुरू करावी, उपासाचे चाळीस दिवस तयारीला द्यावेत, आणि वर्षभरातले प्रौढांचे बाप्तिस्मे ईस्टरच्या पहाटे ठेवावेत: आधी दफनभूमी, मग लगेच हौद. दोन्ही ठिकाणे बहुतेक गावांत चालत जाण्याच्या अंतरावर असतात.